तीन टीबीतले दोन गेले कुठे?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सर्व्हर बसवत होतो. एक टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून एका डिस्कइतकी जागा राखून ठेवणारी मांडणी), म्हणजे हाताशी तीन टीबी. सगळ्याचा एकच व्हॉल्यूम, म्हणजे एकच मोठी डिस्क केली आणि व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ४ (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल संगणक चालवणारी प्रणाली) चढवायला घेतलं. इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसली ७४५ जीबीच्या आसपास. मालक शेजारीच उभे. म्हणाले, "पैसे तर तीन टीबीचे घेतलासा, बाकीचं कुठं गेलं?"

डिस्क बदलून पाहिल्या, केबल काढून पुन्हा लावल्या. मग कागदावर आकडेमोड केली तेव्हा उलगडलं. डिस्कवरच्या प्रत्येक छोट्या कप्प्याचा, म्हणजे सेक्टरचा क्रमांक इथं ३२ बिटांत लिहिला जातो, सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की बरोबर दोन टीबी. त्याच्या वर गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून फक्त उरलेला तुकडा दिसत होता (डिस्कवाल्यांचे तीन टीबी संगणकाच्या मोजणीत जेमतेम २.७३ भरतात, त्यातून दोन वजा). डिस्क बिचाऱ्या ठणठणीत होत्या!

रेड कार्डाच्या मेनूतच दोन व्हॉल्यूम पाडले, दोन्ही दोन टीबीच्या आत. डेटास्टोअर (व्हर्च्युअल संगणकांच्या फाइली ठेवायची जागा) करताना ब्लॉक साइज, म्हणजे जागा वाटायच्या तुकड्याचा आकार, मुद्दाम ८ एमबी घेतली. ईएसएक्सआय ४ च्या फाइल सिस्टीममध्ये, व्हीएमएफएस ३ मध्ये, १ एमबी ठेवली तर एक फाइल २५६ जीबीच्या पुढे जात नाही, आणि नंतर बदलायची तर सगळं पुसावं लागतं. कास्टिंगची ड्रॉइंग्ज ठेवायची होती, तिथं ही चूक मला परवडणारी नव्हती.

२०११ साली व्हीएमएफएस ५ आलं आणि व्हॉल्यूमची मर्यादा ६४ टीबीवर गेली. एका व्हर्च्युअल डिस्कला मात्र दोन टीबीची वेस ओलांडायला २०१३ चं ईएसएक्सआय ५.५ यावं लागलं. जुना सर्व्हर हाती आला की मी अजूनही आधी आवृत्ती बघतो, मग रेडला हात लावतो.