माशेल ते साखळी, आषाढीच्या पावसात

पंढरपूर यंदाही जमणार नव्हतं. गोव्यातून जाणाऱ्या दिंड्या घाट चढतात, दिवसचे दिवस चालतात, आणि माझ्या तळव्यांचा भरवसा नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या केमोनंतर आलेली बधिरता अजून पुरती गेलेली नाही. पायाखाली खडा आला तरी कळत नाही; रात्री पाय उलटून बघायचे, कुठे कापलंय का. मग म्हटलं, आपली गोव्याची पंढरी आहे ना! साखळीचं विठ्ठलापूर, वाळवंटीच्या काठचं. चैत्री उत्सवाला तिथे लहानपणापासून जाते, आषाढीला पायी मात्र कधी गेले नव्हते.

माशेलहून उजाडता उजाडता दिंडी निघाली. खांडोळा, मग मांडवीवरचा पूल, आमोणे, न्हावेली आणि साखळी. पंढरीच्या वारीपुढे हे अंतर म्हणजे काहीच नाही, पण पावसात, उपाशीपोटी आणि माझ्या पायांनी चालायचं म्हणजे पुरेसं होतं. बायकांच्या रांगेत मला कुणी काही विचारलं नाही. एकीने टाळ हातात दिले, दुसरी म्हणाली, ‘पाऊल बघ, डावं आधी.’ बस्स.

याचं मला किती बरं वाटलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. केमोने दमवलं ते दमवलंच, पण धीर द्यायला येणाऱ्यांनीही कमी दमवलं नाही. ‘मन खंबीर ठेव, अर्धा आजार तिथेच बरा होतो.’ म्हणजे उरलेला अर्धा बरा झाला नाही तर खोट माझ्या मनाची! रडले तर ‘पॉझिटिव्ह राहा’, देवासमोर गप्प बसले तर ‘श्रद्धा ठेव’. केस गेलेल्या डोक्याला पदर लावून मी पाहुण्यांसाठी हसायची, आणि ते गेले की भांडी आपटायची. दिंडीत असं हसायचं काम नसतं. टाळ आणि पाऊल जमलं की झालं.

टाळ मात्र बेताने. डाव्या काखेतल्या लसीकेच्या गाठी काढल्यापासून तो हात सुजतो. पाणी उतरायची वाटच उरलेली नाही. हातभर घट्ट मोजा घालायचा, त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, जड पिशवी नाही. तुळस डोक्यावर घ्यायची फार इच्छा होती, पण वृंदावन सावरायला दोन्ही हात वर धरावे लागतात. शेजारच्या पोरीने न सांगता ते उचललं.

पुलावर पावसाने गाठलं. मांडवी खाली गढूळ, तांबडी. खाणींच्या पट्ट्यातला पाऊस असाच रंगवून वाहतो. साडी भिजली त्याचं काही नाही, पण माझ्या पोलक्यात डावीकडे घरी शिवलेलं कापसाचं पॅड असतं. त्याने असं पाणी प्यायलं की एक बाजू खाली ओढायला लागली. आमोण्यात चहाला थांबलो तेव्हा एका घराच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून, मी ते काढून पिळत होते. मागून आवाज आला, ‘किदें जालें गो बाये?’

पाळी गावची मावशी. सकाळपासून माझ्या मागच्या ओळीत होती. तिने हातातलं पॅड पाहिलं आणि एका क्षणात ओळखलं.

‘कापूस?’

‘होय.’

‘मी मोहरी भरते. वजन बरोबर येतं, खांदा वाकडा होत नाही.’

‘आणि पावसात कोंब आले तर?’

‘आले तर भाजी करीन.’

आम्ही दोघी अशा हसलो की चहावाला दारातून डोकावला. त्या पडवीत ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं कुठल्याही समुपदेशनाच्या खोलीत मी ऐकलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती वॉर्डातल्या खाटेवर बसून विठोबाला शिव्या घालत होती. ‘तुला दुसरी कोण गावली नाही?’ असं सुरू करून बरंच काही. नर्सला वाटलं, नवऱ्याशी फोनवर भांडतेय.

जनाबाईने आपल्या अभंगांतून विठोबाला फाडफाड सुनावलंय, आणि कीर्तनात ते ऐकून आपण माना डोलावतो. आजारी बाईने मात्र देवाशी गोडच बोलायचं, ही अट कुणी घातली कोण जाणे! भांडता येणं ही माझ्या मते जवळिकीची खूण आहे. परक्याशी कोण भांडतं?

न्हावेलीजवळ मी लेट्रोझोलची, म्हणजे कॅन्सर परतू नये म्हणून रोज घ्यायची गोळी घेतली, तर एका बुवांनी भुवया उंचावल्या. ‘उपासाला गोळी?’ मावशीच म्हणाली, ‘गोळीत कांदा-लसूण नाही हो!’ त्यांनी मग कसलासा अर्क सुचवला, गोळ्या बंद करायच्या अटीवर. मी हात जोडले. माझी गाठ 2021 साली सुरू झालेल्या ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या मोफत तपासणीत, आरोग्य केंद्रात हातात धरायच्या एका छोट्या यंत्राखाली सापडली, आणि केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन यांनी गेली. या गोळीने सकाळी सांधे धरतात, हाडं विरळ होतात, तरी ती रोज घ्यायची. विठोबाने गाठ विरघळवावी असं मी त्याला सांगितलेलंही नाही. त्याच्याकडे माझं काम वेगळं आहे. अहवाल यायच्या आधीच्या रात्री डॉक्टर भेटत नाहीत, तेव्हा कुणीतरी जागं लागतं.

विठ्ठलापुरात रांग नदीपर्यंत. जागीच फुगड्या सुरू झाल्या; मी उजव्या हाताने टाळी दिली. आत पोचेपर्यंत चांगली लांबलचक तक्रार तयार केली होती, अगदी क्रमवार. समोर उभी राहिले, ‘हे बघ’ एवढंच म्हटलं आणि मागून रेटा आला. स्वयंसेवक म्हणाला, ‘चला, चला, पुढे चला.’

बाहेर मावशी चपला शोधत होती.

‘बोललीस?’

‘दोन शब्द.’

‘बाकीचं चैत्रात सांग, तेव्हा त्याला वेळ असतो. आणि मंगळवारी बांबोळीच्या हॉस्पिटलात येतेस ना चेकअपला? लवकर येऊन माझाही नंबर लाव. पाळीहून पहिली कदंब बस मला कधीच मिळत नाही.’