लिलीपाँडमध्ये आलापावरचं टाइम सिग्नेचर हटता हटेना: माझा अनुभव

आमच्या वृंदगानाच्या गटासाठी चार आवाजांची (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) पानं मी लिलीपाँड या पाश्चात्त्य स्वरलिपी छापायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये तयार करते. फुकट मिळतं, मजकूर लिहायचा आणि पीडीएफ काढायची, शिवाय छपाई इतकी देखणी होते की दुसरं काही नकोसं वाटतं. सूर लिहिणं, मराठी शब्द खाली बसवणं, पानाचा आकार, यातलं काहीच जड गेलं नाही. अडलं ते एका चिन्हापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाण्याची सुरुवात आलापाने होती, पुढे रूपक ताल. आलापाला ताल नाही. त्यासाठी कॅडेन्झा-ऑन असा हुकूम आहे; तो दिला की मात्रा मोजणं थांबतं आणि बार लाइन, म्हणजे मात्रांचे गट वेगळे करणाऱ्या उभ्या रेघा, पडत नाहीत. तो सोप्रानोच्या ओळीत एकदाच लिहिला तरी चारही स्टाफांवरच्या (सूर लिहायच्या पाच रेघांवरच्या) बार लाइन गेल्या. पण प्रत्येक स्टाफच्या सुरुवातीला, क्लेफच्या (कुठल्या रेघेवर कोणता सूर ते सांगणाऱ्या चिन्हाच्या) शेजारी, टाइम सिग्नेचर, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखं ते 4/4 चं तालाचं चिन्ह, तसंच होतं. फाइलमध्ये मी 4/4 कुठेही लिहिलेलं नव्हतं. आपण काही सांगितलं नाही तर लिलीपाँड 4/4 धरून चालतं, त्यामुळे खोडायला फाइलमध्ये ओळच नव्हती. आणि ते चिन्ह राहू देणंही शक्य नव्हतं. पियानो शिकलेला गायक ते बघताच मनात चार मोजायला लागतो, मग आलाप मोकळा राहत नाही.

त्यावर उपाय म्हणून ओमिट नावाचा हुकूम सापडला. ओमिट टाइमसिग्नेचर असं लिहिलं, फाइल चालवली. सगळं सुरळीत, पीडीएफ तयार, आणि चिन्ह जिथल्या तिथे. ओव्हरराइड हा गुणधर्म बदलायचा हुकूम वापरून स्टेन्सिल, म्हणजे चिन्हाचं चित्रच, बंद केलं. जिथल्या तिथे. रंग लाल करून बघितला, निदान आपला हुकूम पोचतोय का ते कळेल म्हणून. काळंच.

मला चीड आली ती खालच्या लॉगची, म्हणजे प्रोग्रॅमच्या संदेशांची. त्यात एकही इशारा नव्हता. गुणधर्माच्या नावात एखादं अक्षर चुकलं की हेच लिलीपाँड लगेच विचारतं, टायपिंगची चूक तर नाही ना? पण नाव अचूक असून हुकूम भलत्या ठिकाणी गेला, तर अवाक्षर काढत नाही. माणूस मग किमती बदलत बसतो, खरं-खोटं उलटं करून बघतो, ओळ वर-खाली हलवतो, आणि कशानेच काही होत नाही. जुन्या सल्ल्यांनी गोंधळ आणखी वाढवला. 2.18 च्या आधी हेच हुकूम टिंबाऐवजी हॅश आणि अवतरण लावून लिहीत, त्यामुळे मी बराच वेळ लिहिण्याच्या पद्धतीतच दोष शोधत होते.

खरं कारण असं. लिलीपाँडमध्ये पानावरची प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे थरात, राहते. सर्वांत वर स्कोअर, त्याखाली स्टाफ, त्याखाली व्हॉइस. कॉन्टेक्स्टचं नाव न देता हुकूम लिहिला तर तो सर्वांत खालच्या थराला, म्हणजे व्हॉइसला जातो. नोटहेड (सुराचा गोल), स्टेम (त्याची काडी), बीम (काड्या जोडणारी जाड रेघ), स्लर (सूर जोडणारी कमान) हे व्हॉइसमध्येच राहतात, म्हणून त्यांच्या बाबतीत नाव न देता काम होतं आणि आपल्याला तीच सवय लागते. टाइम सिग्नेचर राहतं स्टाफमध्ये. मी व्हॉइसला सांगत होते की टाइम सिग्नेचर काढ, आणि व्हॉइसकडे ते नव्हतंच.

हे शोधायची वाट मात्र पक्की आहे आणि ती सगळ्यांना माहीत असायला हवी. लिलीपाँडच्या माहितीपुस्तिकेतला इंटर्नल्स रेफरन्स नावाचा जो भाग बघून लोक घाबरतात, तिथे टाइमसिग्नेचरचं पान उघडा. ही वस्तू कोणता एन्ग्रेव्हर (चिन्हं काढणारा लिलीपाँडचा भाग) बनवतो ते पहिल्याच ओळीत दिलेलं असतं. त्या एन्ग्रेव्हरच्या नावावर क्लिक करा. तो कोणत्या कॉन्टेक्स्टचा भाग आहे ते त्या पानाच्या शेवटी मिळतं. तिथे स्टाफ हा शब्द दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली.

नावाआधी स्टाफ आणि टिंब टाकलं आणि चिन्ह गेलं. फक्त सोप्रानोचं! आल्टो, टेनर, बास तिघांच्या माथ्यावर सी तसंच. कारण तेच: प्रत्येक स्टाफ स्वतंत्र. कॅडेन्झा एका ठिकाणी लिहून चालली, कारण मात्रांचा हिशोब स्कोअरच्या पातळीवर होतो. फाइलमधल्या लेआउटच्या ब्लॉकमध्ये (पानाच्या मांडणीच्या भागात) स्टाफ कॉन्टेक्स्टला हुकूम दिला तर चारही स्टाफांना एकदम लागू होतो, आणि तिथे स्टाफचं नाव पुन्हा लावायचंही नाही. पण त्याने पुढे रूपकाचं 7/8 सुद्धा गेलं असतं, आणि ते मला हवं होतं. म्हणून वन्स लावून तो हुकूम ग्लोबल नावाच्या सामाईक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या तुकड्यात, ठेवला आणि ते चारही स्टाफांत घातलं. वन्सचा हुकूम तेवढ्याच क्षणापुरता चालतो. चारही सी गेले आणि 7/8 आपल्या जागी उभं राहिलं.

ओमिटच घ्या, हाइड नको. हाइडने चिन्ह दिसेनासं होतं, पण त्याची जागा रिकामी राहते.

आलापाची ओळ कागदाच्या उजव्या कडेबाहेर निघून गेली तर दचकू नका. ओळ तोडायला बार लाइन लागते आणि कॅडेन्झात ती नसते. गायकांना श्वास घ्यायचा असेल तिथे बार आणि रिकामं अवतरणचिन्ह टाकलं की अदृश्य बार मिळतो आणि तिथे ओळ तुटू शकते. कॅडेन्झात बीमही आपोआप जुळत नाहीत, हाताने घालावे लागतात.

रूपकाचे सात अष्टमांश तीन-दोन-दोन असे जोडायचे तर टाइमच्या हुकुमातच 7/8 च्या आधी 3,2,2 लिहा. ते केल्यावर तीं तीं ना, धी ना, धी ना असे गट नुसते बघूनच कळतात, आणि माझ्या मते भारतीय ताल छापताना एवढं तरी केलंच पाहिजे.

सेट हा हुकूम कुठे द्यायचा आणि ओव्हरराइड कुठे, हेही नावावरून ओळखता येतं. कॉन्टेक्स्टनंतरचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत असेल तर ती पानावर दिसणारी वस्तू, तिला ओव्हरराइड. लहान अक्षराने सुरू होऊन मध्ये मोठं अक्षर येत असेल तर तो कॉन्टेक्स्टचा गुणधर्म, त्याला सेट.

मराठी शब्दांची फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतातच ठेवा. अक्षरं तोडताना दोन डॅशच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, आणि जोडाक्षर मधून तोडू नका. शब्द एकमेकांना चिकटत असतील तर लिरिक्स कॉन्टेक्स्टमध्ये लिरिकस्पेसचं मिनिमम-डिस्टन्स (शब्दांमधलं किमान अंतर) वाढवा. हा हुकूम लेआउटमध्येच द्या, म्हणजे चारही आवाजांच्या शब्दांना एकदमच लागू होईल.