तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला कोणतं पुस्तक देऊ?

"ताई, पोट्टा बारा वर्षांचा आहे. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना."

परीक्षा संपल्या की हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाजीच्या ठेल्यापाशी विचारतात, एकदा तर इथं नागपुरात बर्डीवर रस्ता ओलांडता ओलांडता विचारलं. शाळेच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली, त्याची ही शिक्षा. पण नुसतं वय सांगून पुस्तक मागणं म्हणजे उंची सांगून चप्पल मागणं. मी उलट विचारते, तो हसतो कशाला? निम्म्या पालकांना सांगता येत नाही.

काहींना 'संस्कार होतील असं' हवं असतं, म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना नावंच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत. श्याम सांगतो, सोबती ऐकतात. तेव्हा पोराच्या हातात देऊन मोकळे होऊ नका, रोज एक रात्र तुम्ही वाचून दाखवा. इथं बरेच जण गप्प होतात.

चौथी ते सातवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. फुरसुंगीचा बनेश, पुण्यात शिकायला आलेला, सायकलवर सुसाट. आमच्याकडे एकानं वाचलं की आठवडाभर सगळा वर्ग जिभेनं 'टॉक्' करत फिरायचा आणि बाई माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या. पण आमच्या महाल भागातल्या एका पोरीनं पुस्तक परत करताना विचारलं, "मॅडम, गोष्टीतले पोट्टे सारे पुण्यातच काहून राहतात?"

मला उत्तर सुचलं नाही. भीत भीतच तिला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं. लंपनचा मुलूख बेळगावकडचा, मराठीत कानडी मिसळलेली. वाटलं, ही दहाव्या पानावर अडखळणार. चार दिवसांनी आली ती "मॅडसारखं आवडलं" म्हणत, अगदी लंपनच्याच शब्दात. मग 'शारदा संगीत' नेलं, मग 'पंखा'. घरी 'काय करून राहिला' म्हणायचं आणि वर्गात 'काय करतो आहेस' लिहायचं, अशी कसरत करणाऱ्या पोरांना पुस्तकाबाहेरचं बोलणारा मुलगा पुस्तकातच भेटला की ती सावरून बसतात. लंपनचं बोलणं आपल्याकडचं नाही, पण पुण्याचंही नाही. तेवढं पुरतं.

नववी-दहावीला मिलिंद बोकिलांचं 'शाळा'. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. एका वडिलांनी ते मला परत आणून दिलं तेव्हा मधली दोन पानं स्टेपल केलेली होती. मी पिना काढल्या, पण भोकं राहिली. पुढच्या प्रत्येकानं आधी तीच पानं उघडली. माझीही चूक होतीच; आधी घरी बोलायला हवं होतं. पुस्तक मात्र मी आजही देते.

"गोष्टीबिष्टी नको" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' असतं. छोटंसं आहे, वानरांच्या टोळीतली सत्तेची मारामारी. गच्चीवरचे पापड पळवणारी वानरं आपल्या पोरांना नवी नाहीत. पण टोळी जिंकलेला नवा नर आधीच्याची पिल्लं मारतो, हे वाचल्यावर पोरं गच्चीवर जाऊन मोठा हुप्प्या कोणता ते शोधतात. हळव्या पोराला देऊ नका.

आणि पुस्तकं न्यायला एकट्या येऊ नका, पोरालाच घेऊन या. माझ्या समोरच्या खोलीत कूलर आहे, खाली चटई आहे, तो तिथं पाच-सहा पुस्तकं चाळेल, तीन टाकून देईल. टाकू द्या. फक्त पाचनंतर या हो, मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो.