वीस वर्षं टिकावं, बाईला पेलावं: वर्धा ते चिचपल्ली

वर्ध्याला गेलात तर आधी मगनवाडीत जा, सेवाग्राम मागाहून करा. गावातच आहे, स्टेशनवरून ऑटोनं सहज पोहोचता येतं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत १९३४ साली निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथून ते सांभाळायचे. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते इथलं मगन संग्रहालय उघडलं. मी वस्तुसंग्रहालय पाहायला म्हणून नव्हतेच गेले. भावाचं नागपुरात नवं घर होतंय, वहिनी त्यासाठी सामान शोधतेय. कमी जागेत मावणाऱ्या, दोन-तीन कामं करणाऱ्या, हुशारीनं घडवलेल्या वस्तू तिला हव्यात. मोबाइलवर तिनं बरंच काही पाहून ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी आपल्या विदर्भात काय आहे ते तर पाहू.

संग्रहालयात चरख्यांची मोठी मांडणी आहे. त्यातल्या पेटीचरख्यापाशी आम्ही खिळलो. बंद असला की ती एक साधी लाकडी पेटी, काखेत धरून एसटीत चढावं एवढी. झाकण उघडलं की आत दोन चाकं आडवी बसवलेली, एक मोठं, एक लहान. चात, म्हणजे सूत कातायची सळी, एका खाचेत ठेवलेली असते, ती काढून उभी करायची, माळ, म्हणजे चात फिरवणारी दोरी, चढवायची, पिंजलेल्या कापसाचा पेळू हातात घ्यायचा की सूत सुरू. जुन्या उभ्या चरख्याला मोठं चाक लागायचं, कारण चात भरभर फिरायला हवी. इथे मोठं चाक लहान चाकाला फिरवतं आणि लहान चाकाला जोडलेली चात त्याहून वेगानं फिरते. वेग दोन टप्प्यांत वाढवल्यामुळे खोलीचा कोपरा अडवणारी वस्तू पेटीत मावली. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना यावर पुष्कळ काम झालं, म्हणून याला येरवडा चरखा म्हणतात.

तिथल्या एका ताईंनी चालता चरखा आणून जमिनीवर ठेवला. "बसा ना जी, फिरवून पाहा," त्या वहिनीला म्हणाल्या. वहिनीचं सूत सारखं तुटत होतं आणि त्या न कंटाळता जोडून देत होत्या. "माळ ढिली झाली त इथंच पीळ द्या. याले मिस्तरी लागत नाई," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हातात असणं ही या वस्तूची सगळ्यात मोठी हुशारी आहे असं मला वाटतं.

अशा चरख्याची मागणी कशी मांडली गेली होती, तेही सांगण्यासारखं आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अटी अशा: यंत्र हलकं, उचलून नेता येण्याजोगं हवं. खेड्यातल्या साध्या घरात हातानं किंवा पायानं चालायला हवं. बाईला त्यावर आठ तास फार कष्ट न होता बसता यावं आणि तेवढ्यात १२ ते २० नंबरचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) १६,००० फूट सूत निघावं. ते भारतातच बनावं, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वीस वर्षं चालावं आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही, इतक्या अटी एकाच यंत्रात कुणाला बसवता आल्या नाहीत. पण दुकानात एखादी वस्तू हातात घेतल्यावर काय विचारायचं, याची इतकी चांगली यादी मी दुसरी पाहिलेली नाही. दिसायला कशी, हा प्रश्न तीत कुठेच नाही. वापरणाऱ्या बाईची पाठ, तिच्या घराची जागा, तिचा पैसा आणि तिची पुढची वीस वर्षं, एवढं त्यात आहे. वहिनीला मी ती यादी मोबाइलमध्ये टाइप करून दिली आणि पुढच्या प्रवासात आमची मापपट्टी तीच राहिली.

मगनवाडीत तयार झालेला मगन चुलाही या मापाला उतरतो. १९४७ च्या सुमारास तो प्रचारात आला. मातीचा, दोन वैलांचा. पुढे जाळ लावायचा, पहिल्या भांड्याखालून उरलेली आच मागच्या भांड्याकडे जाते आणि धूर धुराड्यातून बाहेर पडतो. भात शिजता शिजता मागे वरणाचं पाणी तापतं. सामान म्हणाल तर माती आणि धुराड्याचा नळ. पुढे बिनधुराच्या चुलींची सरकारी मोहीम देशभर निघाली ती १९८० च्या दशकात. आज घराघरांत गॅस आहे आणि ते फार बरं झालं, बायकांचे डोळे आणि फुप्फुसं वाचली. तरी वर्ध्याच्या खेड्यांत हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात चूल पेटतेच, आणि ती अजून धुराची असते याचं मला वाईट वाटतं.

सेवाग्राम इथून आठेक किलोमीटर. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटी मीराबेननं आसपास मिळणाऱ्या सामानात उभी केली: माती, बांबू, वर कवेलू (म्हणजे कौलं). कुटीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी घरसामान पाहायला गेले होते म्हणून तेवढंच सांगते. बसायची जागा जमिनीवर आणि लागणारं सगळं बसल्या जागेवरून हाताशी. खोलीत फर्निचर असं जवळजवळ नाहीच. आश्रमात साप धरण्याचा एक लांब चिमटाही ठेवलेला आहे. साप न मारता उचलायचा आणि पेटीत घालून दूर सोडून यायचा. शेताकाठच्या घरात रोजची अडचण कोणती, हे ओळखून केलेली ही वस्तू आहे. १९७८ च्या जानेवारीत विचारवंत लेखक इव्हान इलिच इथे आले होते, या कुटीत बसून राहिले होते आणि मग घर म्हणजे काय, यावर बोलले होते. आम्हीही बसलो. वहिनी म्हणाली, "खाली बसणारं घर असलं की निम्मं सामान लागतच नाही गं." नव्या घराच्या यादीतून तिनं टीव्हीखालचं मोठं कपाट त्याच दुपारी काढून टाकलं.

दत्तपूरकडे देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. तिथलं छत पाहायला जा. कुंभाराच्या चाकावर घडवलेली निमुळती, पोकळ मातीची कवेलू एकात एक, चहाचे ग्लास रचावेत तशी बसवत जातात आणि त्यांची कमान होते. कमानीशेजारी कमान लावत छत पूर्ण करायचं आणि वरून गिलावा द्यायचा. त्यात ना लोखंडी सळई, ना सागवानी वासा. आतल्या पोकळीत हवा राहते म्हणून ऊन खोलीत लवकर उतरत नाही. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी स्लॅबखाली काढलाय त्यांना याची किंमत सांगायला नको. शिवाय माठाला गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यांत कुंभाराला काम मिळतं.

तिथून हिंगणघाटच्या बाजूला वहिनीच्या मावशीकडे मुक्काम. कापूस वेचून घरात आलेला, ओसरीवर छातीएवढा ढीग, तुरी कापायच्या राहिलेल्या. मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिज आहे, पण भाजी त्यात नसते. खिडकीपाशी एक मोठा, विनाझिलईचा माठ, त्यात दुसरा लहान माठ, मधल्या फटीत रेती आणि वर ओलं फडकं. रेतीत सकाळ-संध्याकाळ पाणी टाकायचं. ते बाहेरच्या माठातून पाझरतं, हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतला माठ गार राहतो. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकानं १९९० च्या दशकात असेच दोन माठ खेड्याखेड्यांत पोहोचवले. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी याच तत्त्वावर मातीचं शीतकपाट बनवलं, ते तुम्ही पाहिलं असेल. मावशीला कृषी मेळाव्यात कुणीतरी हे सांगितलं आणि तिनं गावच्या कुंभाराकडून करून घेतलं.

"सांबार चार रोज हिरवागार राह्यते," मावशी म्हणाली. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) "लाइन गेली तरी मले काई फरक पडत नाई. पण पावसाळ्यात नको बाई, तवा पाणी उडतच नाई." हवेत आधीच ओल असली की पाणी उडत नाही, गारवा होत नाही, कूलरचंही तेच. विदर्भाचा कोरडा उन्हाळा आम्हाला भाजतो आणि ही वस्तू त्याच कोरडेपणावर चालते. बाहेरचा माठ मध्ये तडकला होता, तो बाजाराच्या दिवशी नवा आणला की काम झालं. यादीतली दुरुस्तीची अट अशी पूर्ण होताना पाहून वहिनीनं मावशीच्या देखत कुंभाराला फोन लावला.

वरोऱ्याला आनंदवनात थोडा वेळ थांबलो. बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केलेल्या या वसाहतीत हातमागावरच्या चादरी आणि सतरंज्या घेतल्या. त्यांबद्दल जास्त लिहीत नाही, त्या अंथरल्या की कळतात.

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला चिचपल्ली लागतं. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र इथे आहे, २०१४ सालचं. बांबूचे दिवे, ट्रे, स्टुलं, सुटे भाग जोडून उभी होणारी मांडणी अशा वस्तू इथे शिकवल्या आणि बनवल्या जातात. मला जास्त ओढ होती ती शिकून गेलेल्यांच्या घरची. वाटेवरच्या एका गावात एका बुरड कुटुंबाच्या अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. सासू सूप विणत होती, सून मांडणी जोडत होती. एकाच अंगणात दोन काळ चालले होते आणि दोघींच्या हातात सारखाच कोयता होता.

सुनेची मांडणी अशी: चार उभे बांबू, त्यांना पाडलेली भोकं, आडवे दांडे त्यातून सरकवायचे आणि बांबूच्याच पाचरीनं घट्ट करायचे. खिळा नाही, स्क्रू नाही. बांबूला खिळा ठोकला की तो धाग्याच्या दिशेनं चिरत जातो, म्हणून पाचर. पाचरी काढल्या की सगळं सुटून एक लांबट गठ्ठा होतो आणि एसटीच्या टपावर जातो. मी विचारलं, किती वर्षं टिकेल? तिनं गोल उत्तर दिलं नाही. "कोवळा बांबू असन त एका सालात भुंगा लागते. आमी तीन सालाच्या वरचाच घेतो आन दवाईच्या पाण्यात बुडवून ठेवतो." ती दवाई म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा जगतो. हे द्रावण आत मुरलं की तो तिथे टिकत नाही. तरी वीस वर्षांची हमी बांबू देणार नाही, हे मी स्पष्ट लिहिते. पण तिचं पुढचं वाक्य ऐका: "एखादा दांडा खराब झाला त तेवढाच घेऊन या, बदलून देतो." दुकानातल्या पार्टिकल बोर्डच्या कपाटाला एकदा पाणी लागून ते फुगलं की ते अख्खं टाकावं लागतं. मला हिची मांडणी पुष्कळ पुढची वाटते.

बांबूचा कच्चा माल हा मात्र कायम काळजीचा विषय होता. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडायचा, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा तोडून न्यायलाही परवानगीचं लचांड. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गावानं आपल्या जंगलातल्या बांबूचा हक्क लढून मिळवला. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. शहरात आपण ज्याला डिझायनर दिवा म्हणतो त्याच्या मागे हा सगळा झगडा आहे, आणि भाव करताना तो आठवावा असं मला मनापासून वाटतं. आम्ही भाव केला नाही.

वहिनीनं स्वयंपाकघरासाठी मांडणी सांगितली. सुनेनं भिंतीची लांबी विचारली, डब्यांची उंची विचारली, मग वहिनीला उभं करून वरच्या कप्प्यापर्यंत हात पुरतो का ते दांडा धरून पाहिलं. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "खालचा कप्पा वीतभर वर घे वं, खालून झाडू गेला पायजे." सुनेनं कोळशानं बांबूवर नवी खूण केली. मांडणी होळीनंतर मिळेल, न्यायला वहिनी स्वतः येणार आहे.