मधुभाऊ सुटले, आमचा धुरा तसाच

बुधवार, रात्रीचा दीड

आज मालिकावाल्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद निघाला, म्हणजे वाद कसला, रडगाणंच. ठाण्याच्या एक ताई आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, लिहितात एकदम मुद्देसूद. त्यांनी लिहिलं की स्टार प्रवाहवरची 'ठरलं तर मग' २०२२ च्या डिसेंबरात चालू झाली अन् त्यातल्या अनाथाश्रमवाल्या मधुभाऊंना विलासच्या खुनातून निर्दोष सोडायला २०२५ उजाडलं, प्रेक्षकाला काय येडं समजता का, एवढा वेळ तर खऱ्या कोर्टात पण लागत नाही. खाली धडाधड कमेंट, बरोबर आहे ताई, अगदी मनातलं बोललात, टीआरपीसाठी काहीही करतात, वगैरे.

मी वावरात एकटाच होतो, एवढ्या मोठ्यानं हसलो की बाजूच्या वावरातल्या जागलीवाल्यानं बॅटरी मारून पाहिलं काय झालं म्हणून.

आमच्या धुऱ्याची, म्हणजे दोन वावरांमधल्या हद्दीच्या पट्ट्याची, केस माझ्या आजोबांनी टाकली होती. ते गेले, मग बाबा तारखेला जायचे, ते पण गेले, आता मी जातो. दोन फुटांचा धुरा आहे, इकडं आमचा हरभरा, तिकडं चुलत काकाची तूर. दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळेला खुंट वेगळ्या जागी निघाले. त्यात मधुभाऊ अडीच वर्षांत सुटले म्हणजे मले तर वाटते त्यायनं घाईच केली.

हे मी लिहिलं तसं, अन् मग जे चालू झालं ते पुढं सांगतो.

आधी हे सांगून टाकतो की मी रात्री दीड वाजता वावरात मोबाईल घेऊन काहून बसलो आहे. रब्बीत आमच्याकडं मोटरीची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा राहते अन् एक आठवडा रात्री, हा आठवडा रात्रीचा. ओलीत करायचं तर रात्रीच, दुसरा इलाज नाही. तुषारचे पाईप एकदा लावले की ती जागा भिजेपर्यंत काही काम नसते, झोपून गेलं तर लाईन कधी जाते कधी येते पत्ता लागत नाही अन् रानडुकरं हरभऱ्यात घुसतात ते वेगळंच. मग माणूस काय करन? दारव्हा तालुक्यातल्या एका वावरात, कानाले दुपट्टं गुंडाळून, मी 'ठरलं तर मग'मधल्या सायली अन् तिच्या वकील नवऱ्यावर, अर्जुनवर, कमेंट लिहितो. गावातले पोट्टे चिडवतात, काय बे, आज काय म्हणते तुही सायली. चिडवू द्या, हेच पोट्टे आयपीएलमधे अंपायरले माय-बहिणीवरून शिव्या देतात, ते चालते.

सुरुवात मायमुळं झाली. तिचा एपिसोड चालू अन् डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला की संपलं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मागं लागायची, पाय बरं काल काय झालं थे. मी मोबाईलवर शोधायला लागलो तर एपिसोड नंतर सापडला, आधी सापडली माणसं. कोणी पूर्ण एपिसोड दहा ओळीत लिहून टाकलेला, कोणी फक्त सायलीच्या साडीचा फोटो टाकून विचारलेलं कुठं मिळेल, कोणी प्रोमोचा स्क्रीनशॉट काढून मागच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते दाखवून सिद्ध करत होतं की हा सीन स्वप्नातला आहे. अन् निघाला पण स्वप्नातलाच! मालिका लिहिणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त बारकाईनं पाहतात, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

तसं आमच्या गावात मालिकेवर बोलणं काही नवीन नाही. सह्याद्रीवर 'दामिनी' लागायची तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत बाया बसायच्या अन् लाईन नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. पण तेव्हा बोलणं ओसरीतच संपायचं. मोबाईलवर पहिल्यांदा आमच्याकडं मालिका आली ती जोक म्हणून, २०१५ साली, 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण काही केल्या होईना तेव्हा. ज्यानं आयुष्यात एक एपिसोड पाहिला नव्हता तो पण जान्हवीचे जोक फॉरवर्ड करत होता.

मग राधिका आली. 'माझ्या नवऱ्याची बायको', २०१६ पासून. नागपूरकडची बाई, टीव्हीवर हिरोईन, अन् बोलते आमच्यासारखी. मायले विश्वासच बसेना, म्हणे हे तं आपल्यातलीच पोरगी हाय. राधिकाचं काम करणारी अनिता दाते नाशिकची आहे हे मी तिले सांगितलं तर तिनं माझ्याशी दोन दिवस नीट बोलणं केलं नाही. ग्रुपवर मात्र तेव्हा लय भांडणं झाली, आमच्या अकोला-वाशीमकडचे म्हणायचे असं कोणी बोलत नाही, नागपूरवाले म्हणायचे आमच्याकडं थोडं असंच बोलतात, पुण्याची मंडळी म्हणायची किती गोड. गोड म्हटलं की माझं डोकं फिरते. एवढी मोठी कंपनी उभी केली त्या बाईनं मसाल्याची, अन् तुम्हाला गोड काय वाटलं तर तिचं बोलणं. असो. त्यानंतर मालिकेत कोल्हापूर आलं, सातारा आला, मालवण आलं, विदर्भ म्हटला की एखादा विनोदी नोकर नाहीतर हवालदार, तेवढंच.

या सगळ्या ग्रुपमधे सगळ्यात डेंजर माणूस कोण असेल तर सांगलीची एक वहिनी. तिले पुढचं सगळं माहीत राहते. ज्योतिषी नाही, तिनं फक्त एक गोष्ट पकडली आहे की बऱ्याच मालिका दुसऱ्या भाषेतून आलेल्या असतात. 'ठरलं तर मग' ही सन टीव्हीवरच्या तमिळ 'रोजा'वरून, तिथं पण अनाथाश्रमातली पोरगी, तिथं पण वकील, अन् त्या वकिलाचं नाव पण अर्जुनच. 'आई कुठे काय करते' बंगाली 'श्रीमोयी'वरून, त्याच गोष्टीची हिंदीत 'अनुपमा' झाली. बंगालीत श्रीमोयीच्या आयुष्यात रोहित सेन आला तेव्हाच वहिनीनं लिहून ठेवलं होतं की आपल्या मालिकेतल्या अरुंधतीचं पण दुसरं लग्न होणार, अन् पहिल्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या, नाकावर टिच्चून होणार. आला ना मग आशुतोष केळकर! त्या दिवशी वहिनीले लोकायनं डोक्यावर घेतलं. पण त्याच वहिनीले मागं दोनदा ग्रुपमधून काढलं पण होतं, कारण काही लोकांना पुढचं कळलं की जेवण जात नाही.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मायले मी अरुंधतीचं लग्न आधीच सांगून टाकलं होतं. तरी ती रोज बसायची. मी विचारलं, तुले तं माहीत हाय, मग काय पायतं? म्हणे, होणार हाय हे माहीत हाय, पन थो अनिरुद्ध तोंड कसं करते थे पायाचं हाय ना. त्यात सगळं आलं. सायलीच खरी तन्वी, म्हणजे लहानपणी हरवलेली पोरगी, आहे हे आपल्याले पहिल्यापासून माहीत आहे, लपवलेलं काहीच नाही, मजा आहे ती घरातल्या कोणाले कधी कळते अन् तेव्हा खोटी तन्वी बनून बसलेल्या प्रियाचं तोंड कसं होते त्यात. कीर्तनाले बसलेल्या माणसाले काय माहीत नसते का रावणाचं काय होणार आहे ते.

२०२५ च्या ऑगस्टात मात्र वेगळंच झालं. ज्योती चांदेकर गेल्या, 'ठरलं तर मग'मधे अर्जुनच्या आजीचं, पूर्णा आजीचं, काम करायच्या त्या. बातमी ग्रुपवर आली तेव्हा पहिले दहा-पंधरा जणांनी तर अफवा पसरवू नका म्हणूनच लिहिलं. गावात दुसऱ्या दिवशी हापशीवर एका म्हातारीनं मले थांबवलं, काहून रे बावा, पूर्णा आजी गेली म्हनते, खरीखरची गेली का शिरेलीत? मी सांगितलं खरीच. तिनं पदर डोळ्याले लावला अन् मग लगेच विचारलं, मंग आता सायलीच्या बाजूनं कोन बोलन त्या घरात? हे लोकायले हसू येण्यासारखं वाटेल, मले नाही आलं. त्या रात्री ग्रुपवर कोणीच भांडलं नाही, सगळ्यांनी आपापल्या आजीबद्दल लिहिलं. ठाण्याच्या ताईंनी पण.

उलटं पण पाहायला मिळते. व्हिलनचं काम करणाऱ्या पोरींच्या इन्स्टावर जाऊन लोक असं काही लिहितात की वाचवत नाही. आमच्याच तालुक्यातला एक जण, दिसायले एकदम सभ्य माणूस, पारायणाले पहिल्या रांगेत बसणारा, तो एका नटीले लिहित होता की तुह्या घरी असंच होईल. मी त्याले पर्सनलवर म्हटलं दादा, ते तिचं काम आहे, पगार घेते ती त्याचा. म्हणे मले माहीत आहे. माहीत आहे तर मग लिहितो कायले? त्यावर त्यानं मले ब्लॉक केलं. ग्रुपवर आता नियम आहे, पात्राले जेवढ्या शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या, कलाकाराचं नाव आलं की पोस्ट उडवणार.

उद्या गुरुवार, म्हणजे टीआरपीचा दिवस. दुपारपासून लोक वाट पाहत बसतात जसं काय दहावीचा निकाल आहे, आपली पहिली आली का, दुसऱ्या चॅनेलची कितवर गेली. २०२३ पासून बहुतेक आठवडे 'ठरलं तर मग'च वर राहते तरी धाकधूक करतातच. हे आकडे बार्क नावाची संस्था काढते, देशभरातल्या पन्नास हजारांच्या वर घरांमधे मीटर लावलेले आहेत अन् ते घर कोणतं हे गुपित ठेवतात, ठेवायलाच पाहिजे म्हणा, नाहीतर चॅनेलवाले मिठाई घेऊन जातील. पण मले एक खटकते. आमच्या गावातले निम्मे लोक आता मोबाईलवर पाहतात, कोणी दुसऱ्याच्या वायफायवर, कोणी कापूस वेचून आल्यावर भाकरी थापता थापता फोन डब्याले टेकवून. मीटर लावलाय टीव्हीले, मग डब्याले टेकवलेल्या फोनवर रडणारी बाई कोणत्या आकड्यात धरली?

बरं, धुऱ्याचं राहिलंच.

मी ती कमेंट टाकली अन् पाईप पलटवून आलो, अर्धा तास लागला असेल, नोझलमधे गाळ अडकला होता. येऊन पाहतो तर मालिका राहिली बाजूले, सगळे माझ्या केसवर. धुरा म्हणजे काय पासून सुरुवात. एकीनं लिहिलं आमच्याकडं बांध म्हणतात, आमचं पण असंच आहे, दीर बोलत नाही पाच वर्षांपासून. एकानं वकील बदला म्हणून सांगितलं. अर्जुनसारखा वकील पाहा, हे तर येणारच होतं. त्यावर मी मायचा किस्सा लिहिला. सातबाऱ्यावर तिचं पण नाव आहे म्हणून ती तारखेला येते सोबत, तर मागं तिनं आमच्या वकीलसाहेबालेच विचारलं होतं, साहेब तुमी त्या अर्जुनवानी पुरावे काहून नाही धुंडत? वकील हसले, म्हणाले माय, अर्जुन सुभेदारले एकच केस हाय, मले आजच्या दिवसात सतरा हायेत, अन् थ्या सतरातून आठाचे पक्षकार आलेच नाही. मग त्यायनं पुढची तारीख लिहून दिली अन् मायनं ती कागदाची चिठ्ठी पोथीत ठेवली, ती सगळ्या तारखा तिथंच ठेवते.

हे वाचून सांगलीच्या वहिनीनं सरळ विचारलं, काका व्हिलन आहे का?

आता काय सांगावं. डिशचं रिचार्ज संपलं की माय काकाच्याच घरी जाते एपिसोड पाहाले, काकू अन् ती एकाच खाटेवर बसतात, प्रियाले शिव्या दोघी मिळून देतात. मागच्या साली आमची मोटर जळाली तेव्हा काकाच्याच विहिरीवरून माझा हरभरा निघाला, पैसे पण घेतले नाही. अन् तरी तारखेच्या दिवशी आम्ही दोघं एकाच एसटीनं जातो, एक समोरच्या सीटवर, एक मागच्या, अन् बोलत नाही. कोर्टातून आल्यावर दोन दिवसांनी पुन्हा बोलतो. मी हे जसंच्या तसं लिहिलं.

ठाण्याच्या ताईंचं उत्तर आलं, अहो मग केस मागे का नाही घेत?

मी लिहिलं, ताई, मधुभाऊ सुटल्यावर तुम्ही तरी मालिका पाहणं बंद केलं का?

त्यावर त्या हसल्या, म्हणजे तसे चेहरे टाकले दोन-तीन. पण बँकेतल्या बाई आहेत, कागद पाहिल्याशिवाय सोडतात थोडी. दोन्ही मोजण्यांचे नकाशे टाका म्हणाल्या, खुंट वेगळे निघाले म्हणजे एकात तरी चूक आहे, मी बघते. खाली वहिनीनं 'पुढचा भाग कधी' म्हणून विचारलंय अन् त्याले आतापर्यंत चाळीस लाईक पडले. नकाशे मायच्या ट्रंकेत आहेत. सकाळी फोटो काढून टाकतो, गट नंबर तेवढा झाकून.