खुब्याचं ऑपरेशन, वय १६

"पोराचा खुबा बदलला का हो?" गावात जो तो वडिलांना हेच विचारायचा. खुब्याचं ऑपरेशन म्हातारपणीच होतं, असा सगळ्यांचा समज. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. खुबा माझा स्वतःचाच आहे. दुर्बिणीतून आतली दुरुस्ती केली, एवढंच.

दुखणं कबड्डीत सुरू झालं. चढाईत वाकून वळलो की उजव्या जांघेत कळ यायची. चोपड्याच्या दवाखान्यात वर्षभर 'स्नायू ओढला गेलाय' म्हणून मलम, शेक, गोळ्या. जळगावच्या डॉक्टरांनी माझा गुडघा छातीकडे नेऊन पाय आत वळवला आणि मी ओरडलोच. एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा दिसला. वाकलं की तो खुब्याच्या वाटीच्या कडेला धडकायचा. कडेचं लॅब्रम, म्हणजे वाटीभोवतीची रबरासारखी गोल पट्टी, फाटलंय हे एमआरआयने सांगितलं. हाडाची वाढ पूर्ण झालीय का, हेही त्यांनी एक्स-रेत पाहून घेतलं. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजली नव्हती, म्हणून आशा चांगली, असं म्हणाले. पुढे संधिवात होणारच नाही, असं मात्र म्हणाले नाहीत.

एप्रिलमध्ये मुंबईत ऑपरेशन झालं. पाय ताणून सांधा जरा उघडला, तीन छिद्रांतून उंचवटा घासला, लॅब्रम शिवलं. शुद्धीवर आलो तर खालची नाजूक जागा बधिर. आईला कसं सांगणार? दोन दिवस गप्प राहिलो. शेवटी डॉक्टरांना विचारलं, तर "ताणामुळे नस दबते, उतरेल." आठवड्यात उतरलं. आधी कोणी सांगितलं असतं तर त्या दोन रात्री झोप लागली असती.

तीन आठवडे कुबड्या. घरी कमोडची खुर्ची आणली, ती आजीला इतकी आवडली की अजून परत गेलेली नाही. मग फिजिओथेरपी, सायकल, हळूहळू पळणं. सातव्या महिन्यात चढाईची परवानगी मिळाली.

तपासणीला एक प्रश्नावली असते, १०० गुणांची. लंगडता का, जिना चढता येतो का, बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीत किती वेळ बसता, बस-रेल्वेने जाता का. माझे आधी ५९ होते, आठव्या महिन्यात ९२. वडील निकाल लागल्यासारखे खूश. पण मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, हे त्यात कुठेच नाही. मोजे मी घालतो कधी?

डिसेंबरात केळीच्या बागेत भरीत पार्टी झाली. सगळे ताडपत्रीवर, पुढ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. मीही मांडी घातली. उजवा गुडघा डाव्यापेक्षा चार बोटं वरच राहिला. काकांनी केळीचं रिकामं क्रेट सरकवलं. "कसं शे आते?"

"बरं शे," म्हटलं. एक भाकर खालीच बसून खाल्ली. दुसरीला क्रेटवर गेलो.