पोस्टग्रेस १३ वरून १६: रेप्लिकेशन अडलं तेव्हा काय बघितलं

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्यांच्या बिलिंगचा डेटाबेस पोस्टग्रेसवर चालतो, तो नव्या आवृत्तीवर न्यायचा होता, पण फार वेळ बंद ठेवता येत नाही. सकाळी लिलाव सुरू झाला की पावत्या फाटायला लागतात. म्हणून डंप आणि रिस्टोअर (सगळा डेटा फाइलीत काढून दुसरीकडे भरणं) न करता आम्ही लॉजिकल रेप्लिकेशन लावलं, म्हणजे जुन्या सर्व्हरवरचा प्रत्येक बदल नव्यावर आपोआप जात राहतो: जुना १३ पब्लिशर (बदल पाठवणारा), नवा १६ सबस्क्रायबर (ते घेणारा), आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत अदलाबदल. वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही; तिचं वॉल_लेव्हल हे सेटिंग लॉजिकल करायला जुन्या सर्व्हरला एक रीस्टार्ट लागतो, तो रात्री उरकला. टेबलांची रचना रेप्लिकेशनमधून जात नाही, ती पीजी_डंपने आधीच नेऊन ठेवली.

सुरुवातीची कॉपी नीट झाली. मग पावत्यांच्या टेबलावर ‘डुप्लिकेट की’ची (तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्याची) एरर आली आणि अप्लाय वर्कर, म्हणजे आलेले बदल नव्या बाजूला लावणारी प्रोसेस, तिथेच अडकला. सेटिंग बदललेलं नसेल तर तो साधारण दर ५ सेकंदांनी उठतो, त्याच ओळीवर आपटतो, पुन्हा पडतो. खरा धोका मात्र जुन्या बाजूला असतो. सबस्क्रायबर पुढे सरकत नाही म्हणून स्लॉट (सबस्क्रायबर कुठवर आला याची जुन्या बाजूची खूण) वॉल फायली धरून ठेवतो, त्यांचं पीजी_वॉल फोल्डर फुगत जातं आणि डिस्क भरली की चालू सर्व्हरच बंद पडतो. स्लॉटने किती वॉल धरून ठेवायची ते ठरवणारं मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज मूळ स्थितीत अमर्याद असतं. मर्यादा घातली आणि ती ओलांडली, तर स्लॉट बाद होतो आणि कॉपी पहिल्यापासून करावी लागते. त्यामुळे मर्यादा घालण्याआधी डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते बघावं.

अशा वेळी हात लगेच ‘ऑल्टर सबस्क्रिप्शन… स्किप’कडे, म्हणजे अडलेला बदल सोडून पुढे जाण्याच्या कमांडकडे, जातो. १५ पासून ही सोय आहे, लॉगमध्ये ‘फिनिश्ड ॲट’पुढे त्यासाठी लागणारा एलएसएनही (वॉलमधल्या जागेचा क्रमांक) आयता मिळतो. पण स्किप एक ओळ सोडत नाही, अख्खं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र नोंदलेल्या बदलांचा पूर्ण गठ्ठा, सोडतं. पावतीसोबत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आलेली अडत, हमाली आणि खातेवहीची नोंदही जाते, आणि त्याबद्दल पुढे कुणी ओरडत नाही. आम्ही नव्या बाजूची आडवी आलेली ओळ जुन्या बाजूशी ताडून पाहिली, ती उडवली आणि सबस्क्रिप्शन पुन्हा चालू केलं. त्याआधी डिसेबल_ऑन_एरर (एरर आली की सबस्क्रिप्शन आपोआप थांबवणारं सेटिंग) लावून ठेवावं, म्हणजे वर्करची आदळआपट थांबते आणि लॉग वाचता येतो.

ओळ उडवली तरी ती तिथे आली कशी, हे शोधल्याशिवाय सुटका नाही. नव्या बाजूला कुणीतरी लिहीत असतं. चाचणीचं कनेक्शन आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) हे नेहमीचे संशयित, म्हणून ॲपच्या युजरचे लिहायचे हक्क तिथे काढून टाकले. दुसरं कारण चटकन दिसत नाही. अप्लाय वर्करमध्ये साधे ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, पण ‘एनेबल ऑलवेज’ केलेले चालतात. ऑडिटचा ट्रिगर तसा असेल तर तीच नोंद ट्रिगरही घालतो आणि रेप्लिकेशनमधूनही येते. अदलाबदल होईपर्यंत तो नव्या बाजूला बंद ठेवायचा.

प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखवणारा रकाना) नसलेल्या टेबलाचा फटका तर थेट जुन्या बाजूला बसतो: पब्लिकेशनमध्ये (पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घेतल्यावर त्याचे अपडेट आणि डिलीट तिथेच एरर देतात. रेप्लिका आयडेंटिटी फुल करून (अख्ख्या ओळीवरून ओळ ओळखायला लावून) निभतं, पण शक्य असेल तर कीच घाला.

एरर नाही म्हणजे डेटा जुळला, असंही समजू नका. अपडेट करायची ओळच नव्या बाजूला नसेल तर १६ तो बदल गुपचूप सोडून देतो. महत्त्वाच्या टेबलांच्या ओळी आणि रकमांच्या बेरजा दोन्हीकडे तारीखवार जुळवल्या, तेव्हाच तारीख ठरवली.

अदलाबदलीत क्रम चुकवू नये. जुन्या बाजूचं लिखाण थांबवायचं, सबस्क्रायबर कुठवर पोचला ते दाखवणारा स्लॉटचा कन्फर्म्ड_फ्लश_एलएसएन तिथल्या चालू एलएसएनला येऊन मिळेपर्यंत थांबायचं. मग सीक्वेन्स (पावतीला पुढचा क्रमांक देणारे मोजणीदार): त्यांचे आकडे रेप्लिकेशनमधून येत नाहीत. प्रत्येकाला सेटव्हॅल फंक्शनने जुन्या आकड्याच्या थोडं पुढे नेलं नाही, तर लिलावाची पहिलीच पावती पुन्हा ‘डुप्लिकेट की’ म्हणते. त्यानंतर ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी ताजी करणारी कमांड), ऑडिटचा ट्रिगर आणि युजरचे हक्क परत, पीजीबाउन्सरमध्ये (ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसून कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नवा पत्ता, आणि शेवटी सबस्क्रिप्शन ड्रॉप. ड्रॉप करताना जुना सर्व्हर चालू असावा, कारण स्लॉटही त्यासोबतच पुसला जातो. सर्व्हर आधीच बंद केला असेल तर ड्रॉप अडतं. तेव्हा सबस्क्रिप्शन डिसेबल करून स्लॉट_नेम ‘नन’ करायचं, मग ड्रॉप.